लाइन थांबता कामा नये

(दृश्य: पहाटेचं चाकण. पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या, तळेगाव चौकातली गर्दी.)

पुणे-नाशिक रस्त्यावरचं चाकण. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी इथला भुईकोट शाइस्तेखानाच्या फौजेपुढे पन्नासहून जास्त दिवस लढवला. मग गावाची ओळख झाली कांद्याच्या बाजाराची, आणि गेल्या दीड-दोन दशकांत मोटारींची. वाहतूक कोंडीचीही झालीय, पण त्यावर एक वेगळी फिल्म काढावी लागेल.

१ ऑक्टोबर २०२२. दिल्लीत ५जीचं उद्घाटन झालं. त्या दिवशी पंतप्रधानांनी दिल्लीत स्टिअरिंग हाती घेऊन ५जीवरून स्वीडनमधली मोटार चालवून पाहिली. टीव्हीवर ते छानच दिसलं.

त्याच वर्षी डिसेंबरात एअरटेल आणि टेक महिंद्रा यांनी जाहीर केलं, की महिंद्राचा चाकणचा कारखाना हा वाहन उद्योगातला देशातला पहिला ५जी कारखाना ठरला आहे. तिथे या नेटवर्कला काम काय दिलं? गाड्यांमध्ये सॉफ्टवेअर भरायचं. यात टीव्हीवर दाखवण्यासारखं काहीच नाही. म्हणूनच आम्हाला ते दाखवावंसं वाटलं.

(दृश्य: जुळणीची लाइन. गाडीच्या दारापाशी लॅपटॉप घेतलेला कामगार.)

आजच्या गाडीत इंजिनापासून एअरबॅगपर्यंत प्रत्येकाचा स्वतःचा छोटा संगणक असतो. गाडी फाटकाबाहेर पडण्याआधी या सगळ्यांत सॉफ्टवेअर उतरवावं लागतं. कारखान्याच्या भाषेत, फ्लॅशिंग. ते झाल्याशिवाय डिस्पॅच नाही. गाडी रंगवून, पुसून, चकाचक उभी असली, तरी उभीच.

मग हे वायफायवर होत नाही का? होतं. पण गणपतीत कोकणात जाणारी बिनरिझर्व्हेशनची एसटी आठवा. वायफायची रेडिओलहर सगळ्यांना मोकळी. प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेतं, कुणी बोलत नाही ना, आणि मग घुसतं. चार यंत्रं असली तर निभतं. शंभर असली, की दारात चेंगराचेंगरी. त्यात शेड लोखंडी, पत्रे लोखंडी, गाड्याही लोखंडी. लहरी आपटून परत येतात.

५जीत रिझर्व्हेशन असतं. कुणी कधी बोलायचं, हे टॉवर ठरवतो. लहर परवान्याची, म्हणून शेजारच्या शेडमधलं कुणी मध्ये येत नाही. मालाची गाडी आपली आपण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जात असेल, तर एका अँटेनाकडून दुसऱ्याकडे तिचा हात सोपवला जातो. वायफायवर नेमकी याच वळणावर ती अडखळते.

चाकणला यातून काय साधलं? एकाच वेळी अनेक गाड्यांचं फ्लॅशिंग. पेंट शॉपमध्ये कॅमेरे रंगाचा दर्जा तपासू लागले आणि ती तपासणी पूर्ण स्वयंचलित झाली, असं कंपन्यांनी सांगितलं. कारखान्यातल्या माणसाला वेगाचं कौतुक नसतं. त्याला दोन शब्दांची धास्ती असते: लाइन थांबली.

(दृश्य: शेडच्या छतालगतचा छोटा अँटेना. खाली काम सुरू.)

जाहिरातीत ‘एक मिलिसेकंद’ वाचून कुणी ५जी घेणार असेल, तर जरा थांबावं. तो आकडा यंत्र आणि अँटेना यांच्यामधल्या हवेतल्या टप्प्याचा, आणि तोही आदर्श स्थितीतला. कारखान्यांना हवी असलेली बरीच कलमं ५जीच्या नियमावलीत आली ती ‘रिलीज १६’मध्ये, म्हणजे जुलै २०२० मध्ये. ती पाळणारी उपकरणं बाजारात यायला आणखी वेळ लागला. मोबाइलवर ५जी दिसतंय म्हणजे रोबो त्यावर चालेल, असं होत नाही.

आता मुद्दा लहरींच्या, म्हणजे स्पेक्ट्रमच्या, मालकीचा. जर्मनीने ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झचा पट्टा स्थानिक वापरासाठी बाजूला काढून ठेवला. नोव्हेंबर २०१९पासून तिथला कारखानदार स्वतःच्या आवारापुरता परवाना थेट सरकारकडे मागू शकतो. चाकणला ज्यांचे कारखाने आहेत त्या फोक्सवॅगन, मर्सिडीज यांच्या मायदेशातली ही गोष्ट.

आपल्याकडे जून २०२२ मध्ये खासगी, म्हणजे कारखान्याच्या स्वतःपुरत्या, नेटवर्कची मार्गदर्शक तत्त्वं आली. दूरसंचार कंपनीकडून नेटवर्क उभारून घ्या, तिच्याकडून लहर भाड्याने घ्या, किंवा थेट सरकारकडून लहर मिळवा, असे रस्ते कागदावर आले. थेट लहरीसाठी मागणी किती आहे याची चाचपणी करायचं ठरलं, आणि त्यात बोलवायचं कुणाला? निव्वळ मालमत्ता १०० कोटींहून जास्त असलेल्यांना. दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने थेट वाटपाला विरोधच केला. लिलावात दीड लाख कोटी मोजायची तयारी आम्ही दाखवायची आणि कारखान्यांना लहर थेट मिळायची, हे कसं, असा त्यांचा सूर. त्यांच्या जागी बसून पाहिलं, तर तो अगदीच चुकीचा वाटत नाही. पण कारखान्याच्या जागी बसून पाहिलं, तर आपल्याच छताखालच्या हवेसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं, हेही पटत नाही.

(दृश्य: मुख्य रस्त्यावरून आत वळणारी गल्ली. पत्र्याची शेड, चार सीएनसी यंत्रं, म्हणजे संगणकी प्रोग्रामवर धातू कापणारी.)

मोठ्या कारखान्याच्या फाटकापासून थोडं आत गेलं, की व्हेंडरांच्या, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या, शेड लागतात. जॉबवर्क करणारे. ब्रॅकेट, बुश, पिन. १०० कोटींची अट इथे ऐकवली, तर आधी हशा पिकेल. खरं सांगायचं, तर चार यंत्रांना ५जी लागतही नाही, एक केबल पुरते. पण इथली काही यंत्रं इतकी जुनी, की केबल जोडायलाही जागा नाही.

इथला पार्ट संध्याकाळी मोठ्या कारखान्यात जातो, सकाळी गाडीत बसतो, आणि दुपारी त्या गाडीत ५जीवरून सॉफ्टवेअर उतरतं.

(दृश्य: शिफ्ट बदलते. ऑपरेटर यंत्रातून पेन ड्राइव्ह काढतो.)

उद्याच्या पार्टचा प्रोग्राम या पेन ड्राइव्हमध्ये आहे. तो शर्टाच्या खिशात टाकून ऑपरेटर शेजारच्या यंत्राकडे निघालाय.