छोटा टिलर: वापर आणि निगा

मित्रहो, पलूस परिसरात शेतीच्या यंत्रांविषयी बोलायला उभे राहणे हे थोडे धाडसाचे काम आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभा केला आणि तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले, ती किर्लोस्करवाडी इथून अगदी जवळ आहे. तो नांगर बैल ओढत होते. बैलाच्या खांद्याला सूज आली तर ती जू ठेवतानाच दिसते. टिलरच्या सिलिंडरमध्ये गेलेली माती लक्षात यायला मात्र एखादा हंगाम जातो. बेंदराला आपण बैलाची खांदेमळणी करतो. टिलरलाही खंडेनवमीला हळदकुंकू वाहतो, हार घालतो, पण त्याच्या एअर फिल्टरचे झाकण वर्षानुवर्षे उघडत नाही. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या यंत्रांपैकी कामाच्या ओझ्याने निकामी झालेली फार थोडी असतात. बहुतेक धुळीने किंवा नुसते पडून राहिल्याने बिघडलेली असतात.

आज मी बोलणार आहे ते पाच ते सात अश्वशक्तीच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या, चालत वापरायच्या यंत्राविषयी. दुकानदार त्याला पॉवर वीडर म्हणतो, शिवारात त्याला सरसकट टिलर म्हणतात. भांगलणीला, म्हणजे तण काढायला, माणूस मिळेनासा झाल्यापासून उसाच्या बाळभरणीला, म्हणजे कोवळ्या उसाच्या बुडाला माती लावायला, हळदीच्या सऱ्यांत आणि परसबागेत ते दिसू लागले आहे.

पुढच्या बाजूला पाती असलेल्या टिलरला रानात काम करताना चाके नसतात. पातीच माती उकरतात आणि पातीच यंत्राला पुढे ओढतात. नवा माणूस इथेच फसतो, कारण कडक जमिनीत यंत्र उकरण्याऐवजी पुढे पळू लागते आणि तो हँडल उचलून ते मागे खेचत बसतो. अशा वेळी किती खोल जायचे ते ठरवणारी मागची कांब एखादे भोक खाली घ्यावी आणि हँडल किंचित दाबावे, म्हणजे कांब जमिनीत रुतून यंत्राला मागे धरते आणि पुढे जाता येत नाही म्हणून पाती खाली उतरतात. उलट, एका जागी खड्डा पडू लागला तर कांब वर घ्यावी. कडक रानात पहिल्या फेरीत दोन-तीन इंचांवर समाधान मानावे आणि दुसऱ्या फेरीत खोल जावे. पहिल्याच दमात सहा इंचांचा हट्ट धरणाऱ्याचे मनगट आणि यंत्राचा गिअर बॉक्स दोन्ही दुखावतात.

वाफशाविषयी, म्हणजे मशागतीला योग्य अशा ओलीविषयी, तुम्हाला मी काय सांगणार? तरीही कृष्णाकाठच्या काळ्या रानात हाच नियम सर्वांत जास्त मोडला जातो, कारण भाड्याने आणलेले यंत्र संध्याकाळी परत द्यायचे असते. माती मुठीत दाबून कमरेच्या उंचीवरून टाकावी. गोळा फुटला तर काम सुरू करावे, तसाच राहिला तर घरी जावे. ओल्या चिकण मातीत फिरणारी पाती तळाची माती चोपून गुळगुळीत करतात आणि त्या थराखाली मुळे व पाणी सहज उतरत नाहीत. वर मात्र रान भुसभुशीत दिसत असल्याने हे नुकसान कळतही नाही.

आणखी एक गोष्ट यंत्र विकणारा सहसा सांगत नाही. हराळी आणि लव्हाळा असलेल्या रानात टिलर फिरवणे म्हणजे त्यांची लागवड करणे होय. हराळीच्या काशीचा, म्हणजे जमिनीखाली पसरणाऱ्या खोडाचा, डोळा असलेला प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो आणि लव्हाळ्याच्या गाठी रानभर पसरतात. तिथे आधी काशा आणि गाठी खणून वेचाव्यात. बियांपासून उगवलेल्या कोवळ्या तणाला हे यंत्र उत्तम आहे. हळदीत जमिनीखालचे गड्डे पोसू लागल्यावर मात्र ते बोदाजवळ, म्हणजे सरीच्या उंच वरंब्याजवळ, नेऊ नये, कारण जखमी गड्ड्याला कंदकूज लवकर धरते.

आता इंजिनाकडे वळतो, आणि पहिली कबुली माझीच देतो. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात मी माझ्याच टिलरच्या एअर फिल्टरचा फोम धुऊन वाळत घातला आणि भरणीची घाई होती म्हणून तो न बसवताच सव्वा एकर ऊस भरून घेतला. पुढच्या हंगामात यंत्र तेल पिऊ लागले आणि निळसर धूर सोडू लागले. उघडून पाहिले तेव्हा सिलिंडरवर उभे ओरखडे होते आणि रिंगा झिजल्या होत्या. कोरड्या मातीत हे इंजिन जमिनीपासून हातभर उंचीवर, स्वतःच उडवलेल्या धुळीतून श्वास घेत असते. म्हणून फोम दर आठ-दहा तासांच्या कामानंतर पाहावा, साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा, इंजिन ऑइलचे थोडे बोट देऊन घट्ट पिळावा आणि मगच बसवावा. कागदी फिल्टर धुऊ नये. तो हलका झटकावा आणि काळवंडला तर बदलावा.

तेल रोज पाहावे, पण यंत्र समपातळीत ठेवून. टिलर उभा असताना एका बाजूला कललेला असतो, त्यामुळे तेल असूनही कमी किंवा नसूनही पुरेसे दिसते. या इंजिनात जेमतेम अर्धा-पाऊण लिटर तेल असते, तेव्हा थोडीशी गळतीही महागात पडते. नव्या इंजिनाचे तेल पहिल्या वीस तासांनंतर बदलावे, कारण घासून निघालेला धातूचा कीस त्यात उतरलेला असतो. नंतर आपल्याकडच्या धुळीत पन्नास तासांपेक्षा जास्त थांबू नये. गिअर बॉक्सचे तेल वेगळे असते आणि ते सहसा कोणीच पाहत नाही.

गिअर बॉक्स बहुधा तेलाच्या सीलपासून बिघडतो. आपल्याकडे ठिबकच्या नळ्या, सुतळी, पाचट आणि मल्चिंगचे प्लास्टिक पात्यांच्या दांड्याभोवती गुंडाळले जाते, घट्ट होत होत सीलपर्यंत सरकते आणि ते कापते. मग आतले तेल बाहेर आणि बाहेरचा चिखल आत. रोज काम संपल्यावर इंजिन बंद करून, स्पार्क प्लगची टोपी काढून दांडा मोकळा करावा. टोपी काढण्याचा कंटाळा करू नये, कारण हाताने पाते फिरवताना क्लच पूर्ण सुटलेला नसेल तर इंजिन एखादा झटका देऊ शकते आणि तेवढ्याने बोटे जातात. तसेच क्लचची मूठ दोरीने बांधून ठेवू नये. रिव्हर्स टाकताना मागे द्राक्षाचा खांब किंवा भिंत नाही हे वळून पाहावे आणि इंजिनाची रेस आधी कमी करावी.

पाती बदलताना त्यांची धारेची बाजू फिरण्याच्या दिशेला यायला हवी. उलटी बसली तर यंत्र जमिनीवर नुसते नाचते आणि मालक इंजिनाला दोष देतो.

शेवटी पेट्रोल. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि गंमत अशी की ते आपल्याकडच्या साखर कारखान्यांतल्या उसापासूनही तयार होते. आपलाच ऊस आपल्याच कार्बोरेटरमध्ये येऊन बसतो. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. टाकीत पेट्रोल ठेवून यंत्र चार महिने गोठ्यात उभे केले की कार्बोरेटरची वाटी गंजते, पेट्रोल सोडणारे बारीक भोक, म्हणजे जेट, चोंदतो आणि हंगामाच्या पहिल्या सकाळी दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते. म्हणून यंत्र ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करावी, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे आणि ते उघड्यावर चालवावे, बंद खोलीत किंवा पॉलिहाऊसमध्ये नव्हे, कारण त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. मग प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालावे, दोरी सावकाश दोन-तीनदा ओढावी आणि प्लग परत बसवावा.

बाहेर अंगणात एक टिलर समपातळीत लावून ठेवला आहे. त्याचे इंजिन मघाशी पाच मिनिटे चालवले असल्याने तेल कोमट आणि पातळ झालेले असेल. तेल काढायचा बोल्ट कोणत्या बाजूला असतो ते पाहायचे असेल त्यांनी माझ्याबरोबर यावे, आणि जुन्या तेलाचा डबा कोणी विहिरीकडे नेऊ नये.