थेटरात आता कोण जातं?

(दृश्य: नागपूर, सीताबर्डी. शुक्रवार सकाळ. मॉलचा सरकता जिना.)

कॉलेजला दांडी मारून सकाळच्या शोला आलेली ही पोरं. तिकिटं एकानं रात्रीच मोबाइलवर काढली, बाकीच्यांची वर्गणी अजून यायची आहे. थेटर या वयावरच चालतं, असं म्हणतात. पण याच वयाला तिकिटाचा दर सगळ्यात जास्त टोचतो. 23 सप्टेंबर 2022 ला, राष्ट्रीय सिनेमा दिनी, तिकीट 75 रुपयांवर आणलं, तर देशभरात एका दिवसात सुमारे 65 लाख लोक आले. आणि मोबाइलमुळे ही पोरं घरी बसली म्हणावं, तर 2018 चा 'तुंबाड' 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. तोही ओटीटीवर येऊन गेल्यावर!

(दृश्य: दुपारचा शो. काठपदराच्या साड्या, गॉगल, सेल्फी.)

या काकूंना मात्र कुणी गिऱ्हाईक समजतच नव्हतं. 30 जून 2023 ला 'बाईपण भारी देवा' लागला आणि भिशीचे, महिला मंडळांचे गट थेटरात उतरले. साड्या ठरवून, रिक्षा वाटून घेऊन. कुणाच्या पर्समधला चिवडा दारावरच अडला, त्यावर रक्षकाला चार शब्द ऐकावे लागले. दुपारी स्वयंपाक आटोपून येता येतं, सहाच्या आत घरी पोचता येतं. पन्नाशीच्या बाईला सिनेमा नको असतो असं नाही. तिच्या जोगा सिनेमा वर्षाकाठी निघतो किती?

चौघांच्या कुटुंबाचं गणित पॉपकॉर्नपाशी बिघडतं. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

(दृश्य: नागपुरातलाच सदर भाग. लिबर्टी, स्मृती ही थेटरं.)

आजोबांची पिढी खिडकीत हात घालून तिकीट काढणारी. आता ॲप, ओटीपी, सीटचा नकाशा. मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळिशीला, आणि रात्रीचा शो सुटला की साडेबाराला ऑटो शोधा. गुडघे दुखतात ते वेगळंच. पण सोबत मिळाली की हेच आजोबा निघतात. फेब्रुवारी 2025 मध्ये 'छावा' लागला तेव्हा घरंच्या घरं निघाली. तिकिटं नातवानं काढली, आजोबांना कडेची सीट दिली. मध्यंतराआधी दोनदा तरी उठावं लागतं त्यांना.