अडतो तो सरावलेला हात

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी एक करा. दोन्ही हात कीबोर्डवर ठेवल्यासारखे समोर धरा आणि मनातल्या मनात एखादा मजकूर कॉपी करा. ज्यांनी आजवर विंडोज वापरलं आहे त्यांची डावी करंगळी आपोआप खालच्या कोपऱ्यात गेली असेल. कंट्रोल कुठे आहे हे तुम्ही आठवलं नाही, ते करंगळीला ठाऊक होतं. मॅकवर हेच काम अंगठ्याचं आहे, कारण तिथे त्यासाठी कमांडचं बटण दाबायचं आणि ते स्पेसबारला लागून असतं. हा फरक सांगायला एक वाक्य पुरतं. हाताला उतरायला मात्र कित्येक आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांत माणसाचं काय होतं यावरच आज बोलणार आहे.

कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारा मूळ प्रोग्रॅम, चांगली, या वादात मी शिरणार नाही. बरेच जण हौसेने बदलतात, पण अनेकांना बदलावं लागतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी कितीतरी मशीन्स अधिकृतपणे पुढे जाऊ शकली नाहीत. कोणी नवं मशीन घेतलं, कोणी जुन्यावर लिनक्स ही मोफत सिस्टिम घातली. ऑफिसने ठरवलं म्हणून बदलणारे तर नेहमीचेच. मी गेली काही वर्षं अशा लोकांच्या शेजारी बसत आलोय, आणि माझं म्हणणं त्या बसण्यातून आलेलं आहे. नवी सिस्टिम नवख्याला तितकीशी अडवत नाही. ती अडवते सरावलेल्याला.

माझ्या ओळखीच्या एक ताई आहेत. वीस वर्षं रोज पत्रव्यवहार करणाऱ्या, कीबोर्डकडे न बघता लिहिणाऱ्या. नव्या मशीनवरच्या त्यांच्या तिसऱ्या दिवशी मी शेजारी होतो. लांबलचक पत्र चाललं होतं. ओळीच्या मध्ये एक शब्द दुरुस्त करायचा, एंडचं बटण दाबून ओळीच्या शेवटी जायचं आणि पुढे लिहायचं, ही त्यांची रोजची लय. इथे एंड दाबलं की ओळीचा शेवट येत नव्हता, अख्ख्या पत्राचा शेवट येत होता. पडद्यावर एकदम ‘कळावे’ आणि खाली सही. ताई वर जाऊन जागा शोधायच्या, दोन शब्द लिहायच्या, पुन्हा एंड, पुन्हा सही. सहाव्या-सातव्या वेळी त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, “मला आता जमत नाहीये. वय झालं.”

हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय की त्याचा मला राग येतो. ताईंवर नाही, त्या समजुतीवर. पॉल फिट्स आणि मायकल पोझ्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते, दुसऱ्या पायरीवर चुका कमी होत जातात, आणि तिसऱ्या पायरीवर हात आपला आपण चालतो, डोकं मोकळं राहतं. ताई तिसऱ्या पायरीवर होत्या. सिस्टिम बदलली तेव्हा त्या एंडच्या बटणापुरत्या पहिल्या पायरीवर आल्या. पत्राची भाषा, मांडणी, समोरच्याला काय कसं सांगायचं, हे सगळं जिथल्या तिथे होतं. शिवाय नवख्याला फक्त नवं शिकायचं असतं. ताईंना जुनं अडवून धरून नवं शिकायचं होतं, म्हणजे काम दुप्पट. यात वय कुठे आलं?

हे माझ्याही वाट्याला आलंय. माझ्याकडे दुरुस्त्यांचा एक फोल्डर होता, आत चाळीसेक फाइली. दुसऱ्या डिस्कवर त्याच नावाच्या फोल्डरमध्ये नव्या तीन. नवा फोल्डर ओढून जुन्याच्या जागी सोडला. सिस्टिमने विचारलं, या नावाचा फोल्डर आहे, बदलायचा का? मी हो म्हटलं. आधीच्या सिस्टिमवर या कृतीने दोन्ही फोल्डर एकत्र व्हायचे, चाळीसमध्ये तीन मिसळायच्या. इथे जुना फोल्डर गेला आणि त्या जागी तीन फाइली उरल्या. प्रश्न मी नीट वाचला होता. त्याला अर्थ मात्र जुन्या सिस्टिमचा लावला. बॅकअप आठ दिवसांपूर्वीचा होता, त्या आठ दिवसांचं काम पुन्हा केलं. नवखा माणूस ‘बदलायचा का’ हे शब्द जसे आहेत तसे घेऊन कदाचित थांबला असता. मला उत्तर आधीच माहीत होतं, म्हणून मी थांबलो नाही.

असे फरक कोणी मुद्दाम छळायला ठेवलेले नसतात, बहुतेकांना इतिहास असतो. तो कळला की चिडचिड निम्मी होते, असा माझा अनुभव आहे. विंडोजमध्ये फाइलच्या पत्त्यात उलटी तिरपी रेघ, बाकी सगळीकडे सरळ. का? तर डॉस या विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच. ते १९८३ मध्ये डॉस २.० बरोबर आले, आणि तोवर सरळ रेघ कमांडला पर्याय जोडण्यासाठी वापरात होती. मग उरली ती उलटी. साध्या मजकुराच्या फाइलचंही तेच. टेलिप्रिंटरवर ओळ संपली की दोन कामं होत: कॅरेज डावीकडे आणायची आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. विंडोज अजून ती दोन्ही चिन्हं लिहितं, लिनक्स आणि आजचं मॅक फक्त दुसरं. म्हणून लिनक्सवर लिहिलेली नीटस यादी विंडोजच्या नोटपॅडमध्ये एका न संपणाऱ्या ओळीसारखी दिसायची. नोटपॅडला हे समजायला २०१८ साल उजाडलं.

लिनक्सवर आलेला माणूस हमखास अडतो ती जागा टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करून काम करायच्या खिडकीची. काहीतरी इनस्टॉल चाललेलं असतं, मध्येच एक ओळ कॉपी करावीशी वाटते, बोटं कंट्रोल-सी दाबतात आणि चाललेलं काम बंद पडतं. तिथे कंट्रोल-सी म्हणजे ‘थांबव’, आणि हा अर्थ ‘कॉपी’ या अर्थापेक्षा जुना आहे. कॉपीसाठी शिफ्टही दाबावं लागतं. गंमत बघा, मॅकवर कमांडचं बटण वेगळं आहे म्हणून हा गोंधळ होतच नाही. ज्या बटणाने करंगळीला छळलं तेच इथे उपयोगी पडतं.

बाकीची तऱ्हा भराभर सांगतो. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स ठेवलं की घड्याळ काही तास पुढेमागे होतं, कारण विंडोज मशीनच्या आतल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक. एक सेटिंग बदललं की मिटतं. लिनक्सवर इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर मोठं की लहान यावरून दोन वेगळ्या फाइली होतात. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे हे आपल्याला जास्तच टोचतं. आणि मॅकवर फाइल निवडून एंटर दाबलं की ती उघडत नाही, तिचं नाव बदलण्यासाठी खुलं होतं.

फॉन्टबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण तिथे माणसं हताश होतात. दोन दिवस खपून केलेला अहवाल दुसऱ्या सिस्टिमवर उघडावा आणि तक्ते पुढच्या पानावर गेलेले असावेत. फाइल बिघडली असं वाटतं. ती बिघडलेली नसते. फाइलमध्ये बहुधा फॉन्ट नसतो, फॉन्टचं नाव असतं. तो त्या मशीनवर नसला की सिस्टिम दुसरा घालते, त्याची अक्षरं किंचित रुंद असतात, आणि पानभर साठत गेलेली ती किंचित रुंदी एक ओळ खाली ढकलते. यावर उपाय करून ठेवलेला आहे. कॅलिब्री या विंडोजवरच्या फॉन्टच्या अक्षरांइतकीच रुंदी असलेला कार्लिटो नावाचा मोफत फॉन्ट मिळतो. तो घातला की ओळी बहुधा होत्या तिथे येतात.

मग करायचं काय? माझं ठाम मत आहे की सिस्टिम शेवटी बदलावी, आधी प्रोग्रॅम बदलावेत. इंटरनेटसाठी फायरफॉक्स, पत्रं-तक्त्यांसाठी लिबरऑफिस, ईमेलसाठी थंडरबर्ड, व्हिडिओसाठी व्हीएलसी हे विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात. जुन्याच सिस्टिमवर महिनाभर ते वापरा. मग सिस्टिम बदलेल तेव्हा निदान खिडकीच्या आतलं जग ओळखीचं असेल. लिनक्सवर जायचं असेल तर अनेक प्रकार पेनड्राइव्हवरून, काही इनस्टॉल न करता चालवून बघता येतात. आपला प्रिंटर, आपलं वायफाय तिथेच तपासून घ्या. जुनी डिस्क लगेच पुसू नका. बटणं अदलाबदल करून घेण्याची सोय असते, पण ती मी दोन्हीकडे रोज काम करणाऱ्यालाच सुचवतो. कायमचं जाणाऱ्याने हाताला नवं वळण लागू द्यावं.

आणि मदत करणाऱ्यांनो, माउस त्यांच्या हातातून घेऊ नका. तुमच्या दोन सेकंदांच्या सफाईने त्यांचा हात काहीच शिकत नाही, वर आपण अडाणी आहोत हे मात्र मनात पक्कं होतं. बसा, बघा, विचारलं तर सांगा. कागद जवळ ठेवायला सांगा. जिथे अडलं ते एका ओळीत लिहायचं, काम पुढे चालू ठेवायचं, उत्तरं संध्याकाळी शोधायची.

ताईंनी तसा कागद ठेवला. पहिल्या आठवड्यात सव्वीस नोंदी होत्या, एंडची सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित. चौथ्या आठवड्यात तीन. त्यातल्या दोन सुटल्या. तिसरी पाठपोट छपाईची आहे: प्रिंटर छापतो, पण कागदाच्या दोन्ही बाजूंना छापायचा पर्याय यादीत दिसतच नाही, कारण सिस्टिमने स्वतःहून सर्वसाधारण ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, लावलाय. त्या मॉडेलचा ड्रायव्हर शोधून घालायचं काम रविवारी करायचं ठरलंय. ताई म्हणाल्यात, त्या घालणार, मी बाजूला बसायचं.