पहिला टर्कींचा कळप: हेरिटेज जात निवडताना

(अमेरिकेत घरामागे थोडी जमीन असलेल्या मराठी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, रंग आणि पिसारा बघून जात निवडायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण त्याआधी एक गोष्ट पक्की करा: तुमच्या हातात येणारं पिल्लू हेरिटेज, म्हणजे जुन्या पारंपरिक जातीचं, आहे का?

वसंतात दाणा-खाद्याच्या दुकानात ‘ब्रॉन्झ’ अशी चिठ्ठी लावलेली पिल्लं मिळतात. ती बहुधा ब्रॉड ब्रेस्टेड ब्रॉन्झ, म्हणजे मांसासाठी घडवलेल्या रुंद छातीच्या जातीची, असतात. स्टँडर्ड ब्रॉन्झ या हेरिटेज जातीचं पिल्लू त्यांच्याशेजारी ठेवलं तरी डोळ्यांना फरक दिसत नाही. फरक कळतो पुढे वाढताना. रुंद छातीच्या नराची छाती इतकी वाढते की त्याला मादीवर चढताच येत नाही. त्या जातींची पैदास कृत्रिम रेतनानंच होते. शिवाय मांसासाठी त्या चार-पाच महिन्यांत तयार होतात आणि पुढे ठेवल्या तर पाय आणि हृदय साथ देत नाहीत. म्हणून विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: यांचे आईबाप नैसर्गिक जुगतात का? आणि पूर्ण वाढलेल्या नराचं वजन किती? उत्तर चाळीस पौंडांच्या पुढे गेलं किंवा विकणारा गोंधळला, तर ती पिल्लं कळप वाढवण्यासाठी घेऊ नका.

‘द लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी’ ही संस्था हेरिटेज टर्कीसाठी तीन अटी सांगते. जुगणं नैसर्गिक हवं, पैदाशीचं आयुष्य लांब हवं (मादी पाच ते सात वर्षं, नर तीन ते पाच), आणि वाढ सावकाश हवी, म्हणजे बाजारवजनाला साधारण २८ आठवडे. १९९७च्या गणतीत या सगळ्या जातींचे मिळून पैदाशीचे पक्षी दीड हजारांच्याही आत उरले होते. तुम्ही पाळलेली चार-पाच पाखरंही त्यामुळे मोलाची आहेत.

नवख्या माणसाला मी दोन नावं आधी सांगेन: नॅरागॅन्सेट आणि बर्बन रेड. नॅरागॅन्सेट ऱ्होड आयलंडची, त्याच नावाच्या खाडीकाठची. इंग्रज वसाहतकऱ्यांनी आणलेल्या काळ्या टर्की आणि तिथल्या जंगली टर्की यांच्या संकरातून ती झाली. स्वभाव शांत, चरायला हुशार, आणि माद्या अंडी उबवून पिल्लं सांभाळण्यात तरबेज. इनक्युबेटरवर २८ दिवस नजर ठेवायची नसेल, तर खुडूक बसणारी मादी हाच मोठा आधार. बर्बन रेड केंटकीची, विटकरी-लाल अंगाची आणि पांढऱ्या शेपटीची. तिची कोवळी पिसं फिकट असल्यानं सोललेला पक्षी स्वच्छ दिसतो. ब्रॉन्झ किंवा काळ्या टर्कीच्या कातडीवर गडद ठिपके राहतात. दोन्हींच्या तरुण नराचं प्रमाण वजन २३ पौंड, मादीचं १४. सोलल्यावर साधारण तीन-चतुर्थांश उरतं.

घरात चारच माणसं असतील तर मिजेट व्हाइट बघा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात तयार झालेली ही जात, नर १३ पौंडांच्या आसपास, मादी आठ. रॉयल पाम दिसायला सगळ्यांत देखणी, पांढऱ्यावर काळी किनार. पण ती सडपातळ, उडण्यात पटाईत आणि मांसाला बेताची. किडे टिपायला आणि डोळ्यांना सुख द्यायला हवी असेल तरच घ्या. स्लेट या जातीचा निळसर रंग पिल्लांत हुकमी उतरत नाही, म्हणून ती पुढच्या खेपेला. (भारतात भाऊबंद टर्की पाळणार असतील, तर तिथे देशी काळ्या टर्की आणि बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट यांच्या संकरातून झालेली नंदनम टर्की–१ आहे, इथल्या जाती शोधत बसायची गरज नाही.)

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तुमच्याकडे आधीच कोंबड्या आहेत का? असतील, तर जात कुठलीही घ्या, ब्लॅकहेड या रोगाचा धोका आहेच. हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी कोंबडीच्या आंधळ्या आतड्यातल्या जंतांच्या अंड्यांतून मातीत उतरतो आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतो. गांडुळं ती अंडी गिळतात, टर्की गांडुळं खाते. कोंबडीला बहुधा काही होत नाही. टर्कीचं यकृत मात्र पोखरलं जातं. गंधकासारखी पिवळी विष्ठा दिसली, पाखरू पंख पाडून, मान आखडून उभं राहिलं, की बऱ्याचदा उशीर झालेला असतो. अमेरिकेत यावर मान्यताप्राप्त औषध आज नाही. शेवटचं प्रतिबंधक औषध २०१५च्या अखेरीस बंद झालं. म्हणून टर्कींना वेगळं आवार द्या, शक्यतो गेली तीन-चार वर्षं कोंबड्या न फिरलेल्या जमिनीवर. बूट वेगळे, फावडं वेगळं, आणि कोंबड्यांचं काम टर्कींनंतर.

पिल्लं आली की पहिले तीन दिवस कसोटीचे. टर्कीचं पिल्लू अन्नपाण्याशेजारी उभं राहून उपाशी मरू शकतं, कारण तिथे खायचं-प्यायचं असतं हे त्याला उमगतच नाही. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा कोमट पाण्यात बुडवा. पाण्याच्या उथळ भांड्यात रंगीत काचेच्या गोट्या टाका: चमक बघून ती चोच मारतात आणि पाणी पितात, शिवाय बुडत नाहीत. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. पहिले काही दिवस जुना टॉवेल, मग लाकडाचा भुसा. दिव्याखाली, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट, मग दर आठवड्याला पाच अंश कमी. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, कडेला पांगून चोची उघडल्या तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा हे आधी बघा. खाद्य टर्कीचं किंवा गेमबर्डचं (तितर-फेझंटसारख्या पक्ष्यांचं) स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य, २८ टक्के प्रथिनांचं. कोंबडीच्या पिल्लांच्या स्टार्टरमध्ये प्रथिनं आणि नायसिन (एक ब जीवनसत्त्व) दोन्ही कमी पडतात, आणि पाय वाकतात.

मोठी झाल्यावर सहा फुटी कुंपण लागतं, कारण हेरिटेज टर्की उडते. एका पंखाची मोठी पिसं कापली की तोल जातो. पिसं झडून नवी आली की पुन्हा कापा. रात्री बसायला दोन-बाय-चार इंची फळी, रुंद बाजू वर, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर. रुंद फळीवर पोटाची पिसं बोटं झाकतात, हिवाळ्यात बोटं गोठत नाहीत. फार उंचावरून उडी मारली तर जड नराचे तळवे सुजतात.

थँक्सगिव्हिंगसाठी पक्षी हवा असेल तर उलटी मोजणी करा: नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या २८ आठवडे आधी म्हणजे मेचा मध्य. त्यानंतरची पिल्लं हडकुळी राहतील. नोंदणी हिवाळ्यातच करा, नावाजलेल्या जाती लवकर संपतात. बऱ्याच हॅचरी (अंडी उबवून पिल्लं विकणारी केंद्रं) पंधराच्या खाली पाठवत नाहीत, कारण प्रवासात पिल्लं एकमेकांच्या उबेवर जगतात; शेजाऱ्यासोबत वाटून घ्या. नर-मादी ओळखून मिळत नाहीत, निम्मे-निम्मे धरा. हिवाळ्यापलीकडे एक नर आणि चार-पाच माद्या ठेवा. माद्या दोनच असतील तर नराच्या नखांनी त्यांची पाठ सोलून निघते. अशा वेळी पाठीवर जाड कापडाचं खोगीर बांधा आणि नराची नखं बोथट करा.