अंगणापर्यंत

अंगणवाडी हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की त्यातलं अंगण आता कुणाच्या नजरेला येत नाही. मी मुख्यसेविका होते. पंचवीसेक अंगणवाड्या माझ्याकडे, बहुतेक पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरच्या. मलाही ते अंगण दिसायला बरीच वर्षं लागली. आज पालकांना आधार देणाऱ्या कामाबद्दल बोलायचं आहे, तर सुरुवात तिथूनच करते.

1945 साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अडचण अशी, की वारल्यांची मुलं बालवाडीत येईनात. कुणी गुरांमागे, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. आईबाप पोट भरायला रानात. या बायांनी पालकांना दोष दिला नाही. मुलं येत नाहीत ना, मग आपण जाऊ, म्हणून त्यांनी बालवाडी पाड्यावर नेली, घरासमोरच्या अंगणात मांडली. गुरं चरतात तिथे कुरणशाळा भरवली. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची बालविकास योजना देशात 33 प्रकल्पांनी सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळालं.

पुढे अंगणवाडीला खोली आली. ती हवीच होती, पावसात पोरांना बसवायचं कुठे? पण खोलीबरोबर एक सवयही आली. बाळाला तिथे आणायचं, काट्यावर ठेवायचं, दंडाला पट्टी लावायची, आहाराचं पाकीट द्यायचं, रजिस्टर भरायचं. ही सगळी कामं लागतातच. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते मूल धोक्यात असतं आणि ते त्याच दिवशी कळायला पाहिजे. पण त्या पट्टीवर आई दिसत नाही.

एका पाड्यावर दहा महिन्यांचं एक बाळ होतं. तीव्र कुपोषित. मी त्याच्या घरी गेले आणि आईला अर्धा तास समजावलं. दिवसातून किती वेळा भरवायचं, काय भरवायचं, बाळाशी बोलत जा, त्याला खेळव. ती खाली मान घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, “बाई, हा रडत नाय. गप पडून असतो. त्याला काय खेळवू?”

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. सगळं त्यात आहे. उपाशी मूल सुरुवातीला रडतं, मग रडायचं सोडून देतं. हात पुढे करत नाही, हसत नाही, काही मागत नाही. आणि जे मागत नाही, त्याच्याकडे कामाच्या रगाड्यात आईचं लक्षही कमी जातं. त्यात तिचा दोष नाही. तिसरं बाळ, डोक्यावर लाकडाची मोळी, आणि हे पोर त्रास देत नाही याचंच तिला बरं वाटत होतं.

माझ्याबरोबर तिथली सेविका होती, सातवी शिकलेली. ती काही बोलली नाही. तिने कोपऱ्यातली प्लास्टिकची बाटली उचलली, अंगणातले चार खडे आत टाकले आणि झाकण घट्ट फिरवलं. ते निघत नाही ना, हे दातांनी ओढून पाहिलं. मग बाळासमोर पालथी पडून तिने बाटली हळूच वाजवली. बाळाने डोळे फिरवले, बाकी काही नाही. तिने बाटली पदराखाली लपवली, “बुवाऽऽ कुक” केलं, परत काढली. सात-आठ वेळा. मग ती बाटली आईच्या हातात देऊन ती बाजूला सरकली. आईने वाजवली. बाळाचा हात वर आला. पूर्ण नाही, एवढासाच. आई हसली, आणि त्या घरात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

असंच काम जमैकात, किंग्स्टन शहरात, 1986-87 च्या सुमारास झालं. वाढ खुंटलेली 129 मुलं घेतली होती. काहींना दूध-पावडर दिली. काहींच्या घरी आरोग्य सेविका आठवड्यातून एकदा तासभर जाई, घरगुती खेळणी घेऊन, आणि आईकडून बाळाला खेळवून घेई. काहींना दोन्ही दिलं, काहींना काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी त्या मुलांना शोधून काढलं, तेव्हा घरी भेटी झालेल्यांची कमाई भेटी न झालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. नुसत्या दुधाचा तसा परिणाम कमाईत दिसला नाही. याचा अर्थ कुणी आहार बंद करा असा लावू नये. उपाशी पोराला आधी जेवायलाच द्यायचं. पण पोट भरलं की पालकत्वाचं काम संपलं, असं आम्ही धरून चाललो होतो, ते चुकीचं होतं.

आपल्या गडचिरोलीचं उदाहरण तर तुम्हाला माहीत आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं आणि 39 गावांत अर्भकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, ते त्याच वाटेने. त्या भेटीत ती बाळाचं अंग गरम-गार बघते, स्तनपान बघते, आणि आईला विचारते, “तुला झोप मिळते का?” हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. घरात तो दुसरं कोणी विचारत नाही.

पालक मेळावेही मी खूप घेतले. ज्यात मी माइकवर बोलले, त्यातून काही निघालं नाही. ज्यात डबे, दोऱ्या, चिंध्यांचे चेंडू मांडून आई, आजी आणि आणता आले तर बाप यांना खाली बसवलं, त्यातले लोक खेळणी मागून घरी घेऊन गेले.

बापांचं बोलायला हवं. दिवाळी झाली की आमच्याकडचे पाडे ओस पडतात. कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वाड्याच्या वीटभट्ट्यांवर जातात. ते बाटलीवालं बाळही गेलं. जानेवारीत मी त्याला शोधत एका भट्टीवर पोहोचले. विटांच्या थप्पीआड पाल्याचं खोपट. आई पहाटे तीनपासून चिखल तुडवून झोपली होती. बाप आत बसला होता, हाताला मातीची पुटं, आणि तो बाटली पाठीमागे लपवून बाळाला “कुक” करत होता. खडे तिथे मिळाले नाहीत, म्हणून आईने विटेचा चुरा भरला होता. झाकण मात्र घट्ट होतं.

वजन केलं. थोडं वाढलं होतं. पण त्या भट्टीवरच्या एकाही मुलाचं नाव जवळच्या अंगणवाडीत नव्हतं. स्थलांतरित मूल जिथे असेल तिथे त्याला आहार मिळायला हवा, असं योजनेतच आहे. तिथल्या सेविकेला विचारलं, तर तिला ही मुलं ‘आपली’ वाटत नव्हती, कारण कोणी तिला तसं सांगितलंच नव्हतं. तिच्या हातात एकशे दहा घरं होती. मी तिच्यावर चिडले नाही. दोघी मिळून भट्टीवर फिरलो आणि नावं लिहिली. सतरा मुलं निघाली.

तुमच्यापैकी कुणाच्या गावाबाहेर भट्टी असेल, उसाची टोळी उतरत असेल, रस्त्याचं काम चालू असेल. तुमच्या सेविकेला जाऊन एवढंच विचारा, तिथल्या मुलांची नावं वहीत आहेत का. नसतील तर तिच्याबरोबर चालत जा. दिवाळीनंतर लगेच जा. आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या आधी ती माणसं परत निघतात.