चादरीखालचा नकाशा

गादीवर अंथरलेल्या, दाब मोजणाऱ्या चटईला जोडलेल्या पडद्यावर दिसणारे हे निळे, हिरवे आणि लाल डाग म्हणजे गादीवर उताणा निजलेला एक माणूस आहे. वरचा गोल ठिपका डोक्याच्या मागच्या बाजूचा, त्याखालचे दोन फिकट पट्टे खांद्यांच्या फऱ्यांचे, मधला लालभडक गोळा कमरेखालच्या त्रिकास्थीचा, आणि अगदी तळाशी, एकमेकांपासून सुटे पडलेले दोन बारीक लाल ठिपके टाचांचे. रुग्णाचे वजन गादीवर नेमके कुठे टेकले आहे, हे परिचारिकेला इतके दिवस पाठीखाली हात घालूनच अजमावावे लागत होते.

हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी व स्नायू चेपले गेले, की तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा प्रवाह अडतो आणि पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. धडधाकट माणूस गाढ झोपेतही नकळत कूस बदलतो; परंतु मणक्याला इजा झालेल्या, पक्षाघात झालेल्या किंवा बेशुद्ध असलेल्या रुग्णाला ती कळ जाणवत नाही, किंवा जाणवली तरी हलता येत नाही. त्यातून होणाऱ्या जखमेला वैद्यकाच्या पुस्तकात शय्याव्रण म्हणतात, वॉर्डात मात्र सगळे जण बेडसोअर असेच म्हणतात. आधी लाली, मग फोड, मग हाडापर्यंत पोचणारी जखम, जंतुसंसर्ग आणि प्रसंगी मृत्यू, असा तिचा पुढचा क्रम आहे.

दर दोन तासांनी कूस वळवण्याची शिस्त जुनी आहे. इंग्लंडमधील स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयात १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला आणि रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्ण वळवण्याचा दंडक घालून दिला, ज्यामुळे पूर्वी हमखास दगावणारे रुग्ण जगू लागले. मात्र घड्याळाला सगळी शरीरे सारखीच. संशोधक कोसिॲक यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसले होते, की दाब जास्त असेल तर इजा थोड्या वेळात होते आणि कमी असेल तर तिला अधिक वेळ लागतो. पाठ्यपुस्तकांत धोक्याची सीमा म्हणून वर्षानुवर्षे छापला गेलेला ३२ मिलिमीटर पाऱ्याचा (रक्तदाब मोजतात त्याच एककातला) आकडा तर संशोधक लँडिस यांनी १९३० साली बोटाच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिनीत मोजला होता. त्रिकास्थीवरच्या थकलेल्या कातडीशी त्याचा संबंध किती, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

आता टेबलावर उलगडून ठेवलेली ही चटई जवळून पाहू. वरच्या कापडात वीजवाहक पट्ट्या आडव्या शिवल्या आहेत, खालच्या कापडात उभ्या, आणि दोहोंच्या मध्ये स्पंजासारखा लवचिक थर आहे. आडवी पट्टी उभीला जिथे ओलांडते, तिथे एक सेन्सर तयार होतो. त्या जागी भार पडला की मधला थर दबतो, दोन पट्ट्यांमधील अंतर घटते आणि तेथील विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढते. चटईच्या कडेला लावलेली काड्यापेटीएवढी डबी सगळे छेदनबिंदू एकामागून एक वाचत जाते आणि प्रत्येकाला दाबानुसार रंग देते. हाताचा पंजा टेकवताच पडद्यावर पाच बोटे उमटतात, आणि अंगठा जरा जोराने दाबला की तेवढाच लाल होतो. ही चटई गादीवर अंथरून तिच्यावर नेहमीची चादर घातली, की रुग्णाला तिचा पत्ताही लागत नाही.

परिचारिका रुग्णाला तीस अंशांच्या कोनात कलते करते आणि पाठीमागे लोड सरकवते. मधला लाल गोळा पिवळा पडत विरून जातो, पण खुब्यापाशी नवा लाल ठिपका उगवतो. ती लोड चार बोटे खाली ओढते, पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवते, पुन्हा पडद्याकडे पाहते आणि मगच चादर सारखी करते.

दुसऱ्या प्रकारचे उपकरण याहून साधे आहे. छातीवर चिकटवलेला हा नाण्याएवढा सेन्सर शरीराचा कल ओळखतो आणि रुग्ण एका कुशीवर किती वेळ आहे, ते परिचारिकांच्या टेबलावरील पडद्यावर दाखवतो. कॅलिफोर्नियातील दोन अतिदक्षता विभागांत १,३१२ रुग्णांवर झालेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या परिचारिकांना ही माहिती पडद्यावर मिळत होती, त्या गटात ५ जणांना व्रण झाले, दुसऱ्या गटात १५ जणांना. दाबाचा नकाशा दाखवणाऱ्या चटईच्या स्वीडनमधील एका चाचणीत असा फरक आढळला नाही, हेही नोंदवायला हवे.

टाचेवर टेकवलेले हे तिसरे उपकरण कातडीखालचा ओलावा मोजते. दाह सुरू झाला की पेशींभोवती पाणी साचू लागते आणि ते लाली दिसण्याच्या आधी पकडता येते. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली डोळ्यांना सहसा दिसतच नाही, त्यामुळे आमच्या मते तिघांपैकी हेच उपकरण सर्वाधिक मोलाचे आहे.

पलंगाचे डोके उंचावल्यावर रुग्ण खाली घसरतो आणि कातडी ओढली जाते, तो ताण चटईला कळत नाही. ओली चादरही कळत नाही. वळवण्याचे काम तर माणसांनीच करायचे असते.

रात्रपाळीत परिचारिकांच्या टेबलावरील पडद्यावर एका रुग्णाच्या चौकोनाचा हिरवा रंग पिवळा होतो. दोन परिचारिका उठतात, एक खांद्यापाशी आणि दुसरी कमरेपाशी उभी राहते, "एक, दोन, तीन" असे हलक्या आवाजात म्हणत त्या रुग्णाला कुशीवर घेतात, आणि चौकोन पुन्हा हिरवा होतो.