उघडता येणारं पेन

नमस्कार मंडळी. जुन्या पेनांचा संग्रह म्हटला की सोन्याच्या निबा आणि लिलावातल्या किमती आठवतात. आज मी बोलणार आहे ते कारकुनांच्या, मास्तरांच्या, विद्यार्थ्यांच्या पेनांबद्दल. ती स्वस्तात मिळतात हे खरंच. पण माझा जीव त्यांच्यात गुंतलाय तो त्यांच्या घडणीमुळे. गरिबाचं पेन बिघडलं तर ते उघडता आलं पाहिजे, हा विचार त्यांच्यात पहिल्यापासून आहे.

अमेरिकेतलं एस्टरब्रुक घ्या. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला ही कंपनी १८५८ साली निघाली, टाकाच्या निबा करायला. पुढे फाउंटन पेन आलं तरी तिनं टाकाची सोय सोडली नाही. निब जिभेसकट, म्हणजे तिच्याखालच्या शाई पोचवणाऱ्या भागासकट, आट्यांवर फिरवून काढायची आणि हवी ती दुसरी बसवायची. साध्या लिखाणाला २६६८, खतावणीच्या बारीक आकड्यांना १५५०, ग्रेग पद्धतीच्या लघुलेखनाला १५५५. निब घासली तर तेवढीच बदला, पेन तेच. सोन्याची निब न परवडणाऱ्या माणसाचा इतका आदर करणारी दुसरी रचना मला माहीत नाही. विकत घेताना निबेचा आकडा जरूर वाचा. ९ ने सुरू होणाऱ्या निबांच्या टोकाला कठीण धातूचा ठिपका असतो. १ आणि २ च्या मालिकांत पोलादाचंच टोक वळवलेलं असतं, ते लवकर झिजतं. भिंगाखाली एक बाजू सपाट दिसली तर ती निब सोडून द्या.

अशा पेनात बाजूची पट्टी उचलून शाई भरतात. आत रबराची पिशवी असते. ती वर्षानुवर्षं पडून कडक होते, कधी चिकट होते. न लिहिणाऱ्या पेनांत बहुतेक वेळा दुखणं एवढंच असतं. पट्टी जोरानं उचलू नका, आतली पिशवी दगड झालेली असेल तर पट्टी तुटेल. पेन उघडायला आधी केस वाळवायच्या ड्रायरनं निबेकडचा पुढचा भाग हलका गरम करा, हाताला सोसवेल इतकाच, आणि हलके हलके डावी-उजवीकडे डोलवत ओढा. मेणबत्ती, लायटर यांचं नावही काढू नका. सेल्युलॉइड, म्हणजे पेनांचं जुनं प्लास्टिक, क्षणात पेट घेतं. जुन्या पिशवीचे तुकडे खरवडून काढा, नवी मापाची घ्या, चपड्याच्या लाखेनं चिकटवा, रात्रभर वाळू द्या आणि वरून बिनवासाची शंखजिऱ्याची पूड चोळा. लाखच का? कारण ती ऊब दिली की सुटते. आपल्यानंतर कुणीतरी हे पेन पुन्हा उघडणार आहे, त्याची वाट आपण बंद करायची नाही. झटपट चिकटणाऱ्या डिंकानं जोडलेलं पेन हातात आलं की मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडची एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, ड्रॉपरनं शाई भरायची पेनं याहून सोपी. राजमुंद्रीच्या रत्नम यांनी केलेलं स्वदेशी पेन गांधीजींना मिळालं आणि १९३५ साली त्यांनी वर्ध्याहून पत्र लिहून ते चांगलं असल्याचं कळवलं. या जातीच्या पेनांत पिशवी नाही, पट्टी नाही, नळीतच शाई. मग ती का गळतात? नळी अर्धी रिकामी झाली की आत हवा साठते. हाताच्या उबेनं ती फुगते आणि शाईला जिभेवाटे बाहेर ढकलते. म्हणजे खिशावरचा तो निळा डाग बऱ्याचदा आटे झिजल्यामुळे पडलेला नसतो. शाई निम्म्यावर आली की पुन्हा भरा, आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावा, पुष्कळ फरक पडतो. एबोनाइट रात्रभर पाण्यात मात्र बुडवू नका. उन्हानं जुनावलेला त्याचा पृष्ठभाग पाण्यात तपकिरी, हिरवट होतो. फक्त निब आणि जीभ काढून ती भिजत घाला.

आणि चकाकीचा मोह आवरा. नळीवर कोरलेलं नाव फार उथळ असतं. पॉलिशच्या चार हातांत ते पुसलं जातं, मग पेन कुणाचं, कुठलं, हे सांगणारं काही उरत नाही. मी ओरखडे तसेच ठेवतो. कुणीतरी दातांनी चावलेलं टोपणही तसंच ठेवतो.

शाईबद्दल प्रश्न येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. चित्रकलेची काळी इंडियन इंक भरू नका, तिच्यातली लाख जिभेच्या बारीक खाचेत कायमची बसते. पाण्यात विरघळणारी साधी निळी शाई उत्तम. पेन महिनाभर वापरायचं नसेल तर ती काढून टाका आणि गार पाण्यानं, पाणी नितळ येईपर्यंत, धुऊन ठेवा.